जोडीतला एक बैल गेला आणि दुसऱ्याने वैरण सोडली, तेव्हा

आटपाडीकडच्या एका तरुण शेतकऱ्याने विचारले आहे : "आमची खिलार जोडी नऊ वर्षांपासून घरात आहे. खोंड असताना खरसुंडीच्या यात्रेतून दोघांना एकदमच आणले होते. सहा दिवसांपूर्वी उजवा बैल रात्री साप चावून गेला. तेव्हापासून डावा वैरणीला नुसते तोंड लावतो आणि सोडून देतो. रात्रभर हंबरतो. दोनदा दावे तोडून जोडीदाराच्या जागेवर जाऊन उभा राहिला. घरी एक गाय आणि दोन शेळ्याही आहेत, त्या वेगळ्या शेडमध्ये बांधतो. डॉक्टरांनी तपासले, ताप नाही म्हणाले, सलाईन लावले. वडील म्हणतात विकून टाकू, चुलते म्हणतात लगेच दुसरा बैल आणू. भूक लागायचे एखादे औषध सांगा."

नऊ वर्षे सांभाळलेला बैल असा एका रात्रीत जाणे काय असते हे मी अनेक घरांत पाहिले आहे. माणदेशात जनावरांचा डॉक्टर म्हणून फिरताना मला सत्तावीस वर्षे झाली. तुम्ही औषध विचारले आहे, पण औषधाचा भाग यात लहान आहे. प्रश्न मुळात तीन आहेत. हा आजार आहे की जोडीदार गेल्याचा ताण, हे आधी ठरवायचे. ताण असेल तर तो ओसरेपर्यंत बैलाचे पोट बंद पडू द्यायचे नाही. आणि त्याला सोबत कोणाची, कशी आणि कधी द्यायची, हा तिसरा. वडील आणि चुलते दोघेही तिसऱ्या प्रश्नाचेच उत्तर देत आहेत, पण त्यांची घाई होते आहे असे मला वाटते. अशा वेळी मी सगळ्यांना एकच सांगतो : एका वेळी एकच धागा तुटू द्या. त्याचा जोडीदार गेला. आता निदान त्याची जागा, त्याला वैरण टाकणारा माणूस, त्याची वैरण आणि त्याच्या वेळा तरी त्याच राहू द्यात.

पहिल्यांदा आजाराचे बघू. जोडीतले एक जनावर अचानक मेले आणि दुसरे खाईना, की मी मनाचा विचार सगळ्यात शेवटी करतो. दोघे एकाच गव्हाणीत खाणारे आणि एकाच हौदावर पाणी पिणारे. कोवळ्या ज्वारीची किंवा युरियाची विषबाधा, घटसर्प किंवा फाशी (अँथ्रॅक्स) हे साथीचे रोग, गोचीड ताप, यातले काहीही दोघांना एकदम गाठू शकते. तुमच्याकडे साप चावल्याचे नक्की असेल, तर तोच साप याला चावला नाही ना, हेही बघायला हवे होते. पण घोणस चावली असती तर एक-दोन दिवसांतच सूज, हिरड्यांतून रक्त किंवा लाल लघवी दिसली असती. सहा दिवस उलटले आहेत, त्यामुळे ती शंका बाजूला ठेवू.

तरी एवढे स्वतः बघा. गुदद्वारातले तापमान सकाळ-संध्याकाळ घ्या. 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट असेल तर ठीक. डाव्या कुशीच्या खळग्यात मूठ दाबून दोन मिनिटे घड्याळ लावून उभे राहा. आतून मुठीला लाट आल्यासारखी ढकल लागते. दोन मिनिटांत दोन-तीन लाटा आल्या तर कोठीपोट, म्हणजे पोटाचा पहिला मोठा कप्पा, चालू आहे. शेण किती टाकतो, त्यावर बुळबुळीत आव आहे का, ते पाहा. आणि त्याला थोड्या उतारावरून चालवा. उतरताना कण्हत असेल, पाठ कमानीसारखी धरत असेल, कोपरे बाहेर काढून उभा राहत असेल, तर पोटात तार किंवा खिळा गेल्याची शंका घ्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा. जवळ कोणी नसेल तर 1962 या टोल-फ्री क्रमांकावर पशुवैद्यकाची फिरती गाडी मागवता येते. यातले काहीच नसेल, ताप नसेल, लाटा मंद का होईना पण चालू असतील, तरच पुढचे वाचा.

आता ताण म्हणजे काय. गावात कोणी म्हणते बैल शोक करतोय, कोणी म्हणते जनावराला कसला शोक. या वादात पडायची गरज नाही, कारण शरीरात जे घडते ते मोजता येते. ओळखीचे जनावर सुटले की गाईबैलांच्या रक्तात कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक वाढते, हृदयाचे ठोके वाढतात, ती हंबरतात, येरझाऱ्या घालतात, रवंथ कमी करतात. एरवी गाईबैल दिवसाला सहा ते आठ तास रवंथ करतात. निवांत असल्याशिवाय रवंथ नीट होत नाही, आणि रवंथ थांबली की भूकही मरते. तुमचा बैल वैरणीला तोंड लावून सोडतो त्याचे कारण बहुतेक हेच आहे.

गुरे कळपात सगळ्यांशी सारखी वागत नाहीत. केनियात वशिंडाच्या गुरांच्या कळपावर रायनहार्ट दांपत्याने बराच काळ निरीक्षण केले, त्यात ठरावीक जनावरे ठरावीक जनावरांजवळच चरताना आणि त्यांनाच चाटताना दिसली. इंग्लंडमध्ये क्रिस्टा मॅक्लेनन यांनी गाईंना थोडा वेळ कळपापासून बाजूला ठेवून पाहिले. सोबत आवडीची गाय असली तर त्यांच्या हृदयाचे ठोके कमी राहिले, कोणतीही दुसरी गाय दिली तर तेवढे कमी राहिले नाहीत. तुमच्या चुलत्यांच्या सूचनेला हीच अडचण आहे : बैल म्हणून बैल आणून भागत नाही. केंब्रिजजवळच्या बाब्राहॅम संस्थेत कीथ केंड्रिक आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये दाखवले की मेंढ्या पन्नास मेंढ्यांचे चेहरे दोन वर्षांपर्यंत लक्षात ठेवतात. आपल्याकडच्या कुठल्याही धनगराला यात नवल वाटणार नाही.

त्यातही औताच्या जोडीचे नाते कळपातल्या नात्यापेक्षा दाट असते, असे माझे स्पष्ट मत आहे. कळपातली गाय मनात आले की मैत्रिणीपासून दूर चरायला जाते. जोडीतला बैल नऊ वर्षे त्याच बाजूला त्याच खांद्याशेजारी चालतो. वळताना कोणी थांबायचे, कोणी फिरायचे, हे त्या दोघांचे ठरलेले असते. हाकणाऱ्याच्या शब्दाआधी तो जोडीदाराच्या हालचालीवरून समजतो. त्यामुळे जोडीदार जातो तेव्हा त्याच्या सोबत्याबरोबर त्याच्या दिवसाची सगळी घडीच मोडते.

दहिवडीकडच्या एका वस्तीवर मी हे फार जवळून पाहिले. जोडीतला एक बैल पोट फुगून गेला होता आणि दुसऱ्यासाठी मला बोलावले होते. गव्हाण दोघांची मिळून एकच, मध्ये आडवे लाकूडसुद्धा नाही. सकाळी पसरून टाकलेल्या कडब्यातला उजव्या अर्ध्या भागातला थोडाफार कडबा त्याने खाल्ला होता. डावा अर्धा भाग टाकला तसाच होता, एक धाटही हललेले नव्हते. त्या अर्ध्यात त्याने तोंडच घातले नव्हते. मग मी म्हटले, जरा फिरवून आणू. म्हातारबाबांनी कासरा धरला आणि आम्ही गाडीवाटेने निघालो. वाटेला चाकांच्या दोन चाकोऱ्या. बैलाला कोणी जुंपले नव्हते, मागे गाडी नव्हती, सगळी वाट मोकळी होती. तरी तो उजव्या चाकोरीच्या कडेकडेनेच चालत राहिला, डावीकडे एका बैलाची जागा सोडून. बाबांनी कासरा ओढून त्याला मधे घेतले, तर चार पावलांत तो पुन्हा कडेला. बाबा काही बोलले नाहीत. त्यांनीच बाजू बदलली आणि त्या मोकळ्या जागेतून चालायला लागले. त्यानंतर बैलाची चाल जराशी सैल पडली. त्या दिवसापासून मी अशा बैलाला फिरवताना माणसाने जोडीदाराच्या बाजूने चालावे असे सांगतो. तुमचा डावा आहे, म्हणजे तुम्ही त्याच्या उजवीकडून चाला.

आता पोटाचे. बैल दोन-तीन दिवस नीट खात नाही तेव्हा कोठीपोटातले वैरण पचवणारे सूक्ष्म जीव मरायला लागतात. मग मनाचा ताण ओसरला तरी पोट साथ देत नाही, आणि खरा आजार इथून सुरू होतो. म्हणून पहिले काम पाण्याचे. बादलीने मोजून पाजा, दिवसाला तीस-चाळीस लिटर गेले पाहिजे. दुसरे, तो ज्या कडब्यावर वाढला तोच कडबा बारीक कुट्टी करून, त्यावर मिठाचे पाणी शिंपडून, थोडा थोडा पाच-सहा वेळा द्या. उरलेला उचलून टाका, कारण त्याच्याच श्वासाने ओली झालेली वैरण तो परत खाणार नाही. हिरवा मका किंवा कडवळ मिळाले तर सोबत मूठ-मूठ द्या. खात नाही म्हणून काळजीपोटी पिठाचे गोळे, धान्य, ढीगभर पेंड चारू नका. रिकाम्या पोटात एकदम पीठ गेले की आम्ल वाढते आणि बैल त्यानेच दगावतो.

तिसरे, आपल्याकडे जुनी माणसे करायची ते करा : घरची गाय निरोगी असेल तर ती रवंथ करत असताना तिच्या तोंडातला चोथा काढून लगेच बैलाला चारा. त्यातून चांगले सूक्ष्म जीव पोटात जातात. दवाखान्यात आम्ही निरोगी जनावराच्या कोठीपोटातले पाणी नळीने देतो, त्यामागचे तत्त्व हेच. भुकेची पावडर द्यायची असेल तर डॉक्टरांनी लिहून दिलेली द्या, तिचा उपयोग होतो, पण थोडा.

आणि एक कळकळीची विनंती. मान वर करून, जीभ ओढून, बाटलीने काढे पाजू नका. माझ्या हातून गेलेल्या जनावरांत पाजताना ठसका लागून औषध फुप्फुसात गेलेली जनावरे कमी नाहीत, आणि ती वाचवता येत नाहीत याचे मला आजही वाईट वाटते.

सोबतीकडे वळू. तुम्ही लिहिले आहे की घरी एक गाय आणि दोन शेळ्या आहेत आणि त्या वेगळ्या शेडमध्ये बांधता. तुमचे पहिले औषध तिथे आहे. आज संध्याकाळीच गाय बैलाच्या शेजारी आणा. बैलाला तिच्याकडे नेऊ नका, त्याची जागा तीच राहू दे. गाईला जोडीदाराच्या जागेवर बांधा, पण दावे एवढे ठेवा की दोघांची तोंडे एकमेकांच्या मानेपर्यंत पोचतील. चाटले पाहिजे. चाटून घेणाऱ्या जनावराच्या हृदयाचे ठोके खाली येतात, हे मोजलेले आहे. गाईला त्याच वेळी वैरण टाका. शेजारचे जनावर कडाकडा कडबा मोडत असले की न खाणारेही तोंड घालते, हे तुम्ही शंभर वेळा पाहिले असेल. गाय त्याला ओळखते, अंगणात रोज दिसते, एवढी ओळख पुरे आहे. ती गाभण असेल किंवा बैल शिंग मारणारा असेल तर मधे एक आडवा बांबू घाला. शेळ्यांची सोबत काही बैलांना चालते, काहींना नाही, बांधून बघा.

जोडीदाराचे दावे, झूल, घुंगरमाळ यांचे काय करायचे, हेही लोक विचारतात. साप चावून गेलेला बैल आहे, साथीच्या रोगाने नाही, तेव्हा लगेच सगळे धुऊन-पुसून काढायची घाई नको. वास हळूहळू जाऊ द्या. फाशी किंवा घटसर्पाने गेला असता तर मी याच्या उलट सांगितले असते : सगळे जाळा, जागा चुन्याने धुवा आणि दुसऱ्याला तिथून हलवा. तिथे जीव आधी, मन नंतर.

आतापर्यंतचे थोडक्यात सांगायचे तर ताप आणि पोट रोज तपासा, पाणी मोजा, कुट्टी थोडी थोडी द्या, गाय शेजारी बांधा, आणि रोज सकाळी नेहमीच्या वेळी नेहमीच्याच माणसाने त्याला अर्धा तास फिरवा. काम लावू नका, पण नुसता बांधूनही ठेवू नका.

चुलते म्हणतात तसा दुसरा बैल आणायचा का? आणायचा, पण आज नाही. एक तर उपाशी, अस्वस्थ बैलापुढे अनोळखी बैल आणला की पहिले काही दिवस दोघांत जोर लागतो, आणि तुमचा अशक्त बैल त्यात मार खातो. दुसरे, बाजारातून आलेला बैलही कोणापासून तरी तुटूनच आलेला असतो. दोन दुखावलेली जनावरे एकमेकांना धीर देतील असे धरू नका. तिसरे, रोग. प्रवास आणि ताणाने अंगातला घटसर्प उसळतो, म्हणून नवे जनावर एकवीस दिवस वेगळे ठेवायचे असते. या एकवीस दिवसांचा चांगला उपयोग करा. वीस-तीस फुटांवर, वेगळी गव्हाण आणि वेगळे पाणी देऊन, पण एकमेकांना दिसतील असे बांधा. दिसणे आणि ऐकू येणे याने अर्धी ओळख होऊन जाते. मग आडव्या बांबूपलीकडे, मग शेजारी, आणि जू सगळ्यात शेवटी. पहिल्यांदा मोकळे जू देऊन सपाट वाटेवर चालवा, औत नंतर. बैल घेताना उंची आणि चाल जुळणारा घ्या आणि विक्रेत्याला एकच विचारा : हा कुठल्या बाजूला चालायचा? तुमचा डावा नऊ वर्षे डावा आहे. दुसराही डावाच आणलात तर एकाला बाजू बदलावी लागेल, आणि बदलायला लावलीत तर ती नव्याला लावा.

वडिलांचे म्हणणे मी सोडून देत नाही. अकरा वर्षांचा बैल, एकटा, काम नाही आणि रोजची वैरण. त्यांचा हिशेब खोटा नाही. पण आज विकलात तर पोट खपाटीला गेलेला बैल जाईल त्या किमतीला जाईल, आणि त्याचा जोडीदार, घर, माणसे हे सगळे एकाच आठवड्यात तुटेल. असे विकलेले बैल नव्या दावणीला महिनाभरात आजारी पडलेले मी पाहिले आहेत. विकायचाच ठरला तर तो तीन-चार आठवडे खाऊ-पिऊ लागल्यावर विका, आणि बाजारात उभा करण्याऐवजी जिथे आधीच गुरे आहेत अशा ओळखीच्या घरी द्या. त्याचे दावे आणि झूल सोबत द्या.

त्याआधी मात्र पैऱ्याचा, म्हणजे दोन घरांचे एकेक बैल जुंपून दोघांची कामे करण्याचा, विचार करा. ट्रॅक्टर आल्यापासून एकच बैल राहिलेली घरे आपल्या भागात बरीच आहेत. तुमच्या शिवारात असा कोणी असेल तर दोन्ही बैलांचा पैरा करा. नांगरट ट्रॅक्टरने होईल, पण कोळपणी आणि पेरणीला जोडी लागतेच. बैलाला सोबत मिळते, काम मिळते, आणि वडिलांचा हिशेबही बसतो. माझ्या माहितीत असे जमलेले दोन-तीन जोड आहेत. शेजारचा बैल गोठ्यात रोज आधीपासून दिसत असेल तर फारच बरे.

हे फक्त बैलांचे नाही म्हणून थोडे विषयांतर करतो. हरियाणातून आणलेली मुऱ्हा म्हैस पहिल्या आठवड्यात पान्हा सोडत नाही, तेव्हा लोक ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन शोधतात. ती घाबरलेली असते, ॲड्रिनॅलिनने पान्हा अडतो. एकाच माणसाने, एकाच वेळी, आधी पाठ-मान चोळून धार काढली तर बहुतेक म्हशी पंधरवड्यात वळतात. 2022 मध्ये लम्पीच्या साथीत आजारी जनावरे वेगळी करावीच लागली, तेव्हा आडोशाला एकटी बांधलेली जनावरे खाणे सोडत, आणि ओळखीचे जनावर लांबून दिसेल अशी बांधलेली त्यातल्या त्यात बरी खात. वासराला तोडतानाही हेच. कॅनडात आधी काही दिवस नाकाला पट्टी लावून दूध बंद करतात, पण आई शेजारीच ठेवतात, आणि मग वेगळे करतात. दूध आणि आई एकदम तुटत नाही म्हणून वासरे फार कमी ओरडतात. आपले मुसके बांधून वासरू गाईजवळच ठेवायची रीत त्याच वाटेची आहे.

तुमच्या बैलाकडे परत येतो. हंबरणे सहसा चार-पाच दिवसांत कमी होते, तुमच्याकडे ते रेंगाळले आहे कारण तो रात्री एकटा आहे. गाय शेजारी आल्यावर दोन रात्रींत फरक पडायला हवा. खाणे पूर्ववत व्हायला दोन-तीन आठवडे लागू शकतात, म्हातारा बैल असेल तर जास्त. पण उद्या-परवापर्यंत पाणीही नको म्हणाला, शेण बंद झाले, कुशीतली लाट थांबली किंवा ताप चढला, तर माझे सगळे सांगणे बाजूला ठेवून डॉक्टरांना परत बोलवा.

रात्री निजायच्या आधी एकदा बॅटरी न लावता गोठ्यात जाऊन उभे राहा. तो बसलेला असेल आणि अंधारात रवंथीचा आवाज येत असेल तर ते वहीत तारखेसकट लिहून ठेवा. आठ दिवसांनी तापमान, पाणी आणि रवंथ यांची ती वही मला कळवा, मग नव्या बैलाचे किंवा पैऱ्याचे पुढचे ठरवू.